कलम तीन, पोटकलम आ

उपस्थिती मी लिहून घेते.
पडद्यावर सात चेहरे. तिकडे अजून सकाळ आहे,
एकाच्या मागे खिडकीत बर्फ, एकीच्या मागे मांजर.
इकडे एरंडवण्यात दुपारचे साडेतीन,
दोन विश्वस्त प्रत्यक्ष हजर, पैकी एक चष्मा विसरून आलेले.
गणपूर्ती झाली.

विषय एक, मागील इतिवृत्त वाचून कायम.
मग हिशेब, लेखापरीक्षकांचं मानधन,
मग ग्रंथालयातली वाळवी,
जिला दरवर्षी मंजुरी लागते
आणि दरवर्षी मिळते.

विषय सात.
बाहेर बाकावर त्र्यंबक वडके बसलेत,
तांबट आळीतून दोन बस बदलून आलेले.
मांडीवर वही. चाळीस वर्षांचे ठोके आहेत तिच्यात:
घागरीच्या पोटाला किती, गळ्याशी किती,
बंबाला मठारताना हात कुठे हलका करायचा.
टिंबं, टिंबं, ओळीनं टिंबं,
मध्येच कुणाची उधारी,
मध्येच 'सूनबाईला मुलगी झाली, काम बंद'.

अध्यक्ष सांगतात, वस्तू मोलाची आहे यात वाद नाही,
पण संस्थेचे उद्देश पाहावे लागतील.
ही कला म्हणावी, तर कारागिरी आहे.
मानव्यविद्या म्हणावी, तर यात विधान कुठे आहे?
कोषाध्यक्षांना एका कपाटाची किंमत हवी आहे.

शाळेत बाई फळ्यावर रेघ मारून शिकवायच्या,
ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य,
जे बोलायचं ते विधेय.
इथे विधेयं भरपूर झाली.
उद्देश्य दाराबाहेर बसून
बाकाच्या हातावर बोटाच्या पेराने काहीतरी मोजतंय,
ते मला ऐकू येतंय,
आणि इतिवृत्तात आवाजाला रकाना नाही.

मी हात वर केला.
इतिवृत्त लिहिणारीने करायचा नसतो. तसा नियम कुठे नाही,
पण नसतो.

अकरा वर्षांपूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीसाठी
घटनेचा मराठी मसुदा मीच केला होता,
एका संध्याकाळी, वीज गेलेली, उद्याची मुदत.
आर्ट्सला नुसतं 'कला' लिहिलं
तर ओळ तोकडी दिसत होती.
म्हणून लिहिलं, 'कला, कसब आणि हातांचे ज्ञान'.
त्यात काही थोर विचार नव्हता.
कुणी वाचलं नाही, शिक्का बसला.
आणि शेवटच्या पानावर, कलम एकोणीस:
दोन भाषांत तफावत आढळल्यास मराठी मसुदा ग्राह्य धरावा.

वाचून दाखवलं. आधी मराठीत, मग त्यांच्यासाठी.
बर्फवाले गृहस्थ थिजले,
विचारात पडले की नेट गेलं, कळेना.
मांजर उठून गेली.
कोषाध्यक्षांनी विचारलं, हे भाषांतर कुणी तपासलं होतं?
चष्मा विसरलेले विश्वस्त म्हणाले, पुन्हा वाचा.
मी पुन्हा वाचलं.
तोपर्यंत माझा आवाज जरा बसला होता.

ठराव: उपसमिती नेमावी.
पुढील सभा मार्च महिन्यात.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.

बाहेर खैरेंनी त्यांना चहा दिला होता.
"काय म्हणाली मंडळी?"
"मार्चमध्ये कळवतील."
"मार्चात लग्नाची भांडी असतात हो, मला नाही जमायचं यायला.
वही राहू दे इथंच. पावती तेवढी द्या."

पावतीपुस्तकात तीन रकाने,
वस्तू, संख्या, स्वरूप.
वस्तू: वही.
संख्या: एक.
तिसऱ्यापाशी पेन अडलं.
त्यांनी वाकून कागदाकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
"वापरलेली, असं लिहा," म्हणाले.

लिहिलं.