प्रतीक्षा : चार दिवस

सुरुवात बारीक रेघेच्या वर्तुळाने करायची,
शेवट जाड रेघेच्या.
मधलं सगळं आपल्या हातात.

कुतायसीच्या पाणीपुरवठा कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी पडद्यावर एक लांबट आयत ओढते,
त्याचे आडवे पट्टे पाडते :
मीटर, बिलं, वसुली, लामारा, फिटर.
(दप्तर लिहायला हवं होतं.
पण त्या खोलीला दप्तर कोणी म्हणतच नाही.)

बाण गुणी असतो.
एका चौकोनाच्या कडेला धरला की निळा होतो,
दुसऱ्याच्या कडेला सोडला की चिकटतो.
बिल गेलं. पुढे पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार,
त्यात प्रश्न : पैसे आले?
आले तर वर.
नाही तर खाली, नोटीस, मग लामारा, मग फिटर गोचा,
पान्ह्याचे दोन वेढे
आणि नळ कोरडा.

मग प्रत्येक चौकोनाला त्याचा वेळ लिहायचा.
मीटर वाचन, सात मिनिटं.
बिल छपाई, दोन.
लामारा, चार दिवस.

"काय करतेस चार दिवस?"
"शिक्का मारते."
"एका शिक्क्याला?"
तिने चष्मा पुसला.
"फाईल दाबून ठेवते," म्हणाली,
राजमा भिजत घातलाय म्हणावं, तशी.

खण उघडला. रबरबँड लावलेल्या नोटिसा,
प्रत्येकीवर पेन्सिलीने फोन नंबर.
"नोटीस निघते महिना संपता संपता.
शिवणकारखान्यातल्या बायकांचा पगार चार तारखेला.
तोवर पोरांना आंघोळी नकोत?
मी फोन करते. निम्म्या जणी त्याच संध्याकाळी भरून जातात."
"आणि बाकीच्या?"
"त्यांचा मारते शिक्का. मी काही संत नाही."

आकारांच्या पेटीत निरोपासाठी पाकीट आहे,
चुकीसाठी वीज,
वाट पाहण्यासाठी घड्याळ.
दाबून ठेवण्यासाठी काही नाही.
रात्री साडेनऊपर्यंत शोधत बसले.
खाली रिओनी वाहत होती, भरमसाट,
कुणी मीटर न लावलेली.

शेवटी घड्याळच ठेवलं. प्रतीक्षा : चार दिवस.
त्याला पाकीट जोडलं. स्मरण.
खाली बारीक अक्षरात : नियमानुसार.
कुठल्या नियमानुसार, ते लिहिलं नाही.

बैठकीत झुराब साहेबांना हिरवा पट्टा फिका वाटला.
एक बाण किंचित तिरका होता, तो सरळ केला.
घड्याळाला कोणी विचारलं नाही
तू इथे कशाला म्हणून.
घड्याळाचा चेहराच सरकारी असतो.

फक्त तिबिलिसीहून आलेला तो पोरगेला अधिकारी,
पेनाचं टोपण चावत म्हणाला,
"थांबतं घड्याळ, कळवतं पाकीट.
मग या चौथ्या पट्ट्यात काय उरलं?"
"शिक्का," मी म्हणाले,
आणि म्हणता म्हणताच माझ्या तोंडचं पाणी पळालं.

घड्याळ आणि पाकीट आधी वसुलीच्या पट्ट्यात ओढून घेतलं.
मग चौथा पट्टा निवडला.
यंत्राने विचारलं, आतले घटकही काढायचे?
ते नेहमीच विचारतं, सभ्य आहे.
दोन बाण क्षणभर लोंबकळले,
मग आपले आपण जुळले.

लामाराला मीच सांगायला गेले, छापील कागद घेऊन.
तिने स्वतःचं नाव शोधलं नाही.
बोट फिरवत फिरवत घड्याळापाशी आली,
तिथे थांबली.
"चार नको, पाच कर.
चार तारीख रविवारी आली
तर पगार सोमवारी होतो."

वर जाऊन मी चाराचे पाच केले.
खाली आले, तेव्हा तिने जॅमच्या बरणीतली पेनं
पिशवीत ओतली होती, बरणी विसळून
खिडकीत पालथी घातली होती,
आणि बाविसाव्या वर्षी मिळालेल्या त्या खुर्चीवर
पाणी सोडून
ती कोटाची बटणं लावत होती.