घडीवर फाटलेली वाट

होडी वर घेतली, झाप चढवले,
आता नारळीपुनवेपर्यंत दर्याला कुलूप.
मुनाफ तांडेल म्हणाला, तुझी जीप काढ.
पावसाला चार दिवस आहेत. फार तर पाच.

म्हणून हर्णैच्या बंदरात, मासळीच्या क्रेटवर
पसरलाय डोंगराचा नकाशा, कडेला खारे डाग.
लाकूडगाड्यांची जुनी वाट
नेमकी घडीवर फाटलेली.
पलीकडे कुणी गेलंय का, विचारायचं राहिलंय.

डिझेलचे दोन कॅन. फावडं. सुकट.
ओढायला साखळी नाही, तर नांगराचा दोर.
"आणि रुतलो तर?"
"भरती येईल की," तो म्हणतो,
स्वतःच हसतो.

पश्चिमेला एक ढग
सकाळपासून हललेला नाही.
त्याच्याकडे कुणी बघत नाही.
मी टायरमधली हवा थोडी कमी करतो.