उधारीचे फोटो

किसुमूला, किबुयेच्या बाजारामागे
पत्र्याच्या टपरीत बसतो ओदेरा.
एक दिवा, एक भिंग, चिमटे,
आणि डबीत इतके बारीक स्क्रू
की तो शिंकतोसुद्धा तोंड फिरवून.

तीन वर्षं तो अपोंदीला सांगत होता,
अपडेट करून घे गं बाई.
तीन वर्षं अपोंदी म्हणत होती, कशाला?
"मागे केलं होतंस तू,
तेव्हा घड्याळ उजवीकडून डावीकडे गेलं.
तेवढ्यासाठी मी
टोपलीभर ओमेना विकून डेटा भरायचा?"

ओमेना म्हणजे करंगळीपेक्षा लहान चंदेरी मासळी.
तळ्याकाठी जाळ्यांवर वाळते,
पत्र्याच्या डब्यानं मापून विकतात.

फोन रोज रात्री विचारायचा: आता, की नंतर?
ती रोज रात्री 'नंतर'वर अंगठा ठेवायची,
जसं वसुलीवाल्याला पोरं दारातूनच सांगतात,
आई घरी नाही.

मग एका मंगळवारी
पैशांच्या ॲपनंच दार लावून घेतलं.
या फोनवर यापुढे चालणार नाही.
समोर खानावळीचा अकोको, हातात दोन डबे,
त्याच्यामागे रांग,
आणि अपोंदी पदराच्या टोकानं काच पुसतेय,
जणू ते वाक्य म्हणजे खवल्याचा डाग.

ओदेरानं फोन पालथा केला, सुलटा केला.
"जागाच नाही आत. नाकापेक्षा मोती जड.
काहीतरी पुसावं लागेल."
त्यानं फोटो उघडले.

नऊशे बारा.
सगळ्यांत माणसं, प्रत्येकाच्या हातात मासळीचा डबा.
कोणी हसतंय, कोणी मान वळवलीय,
एक पोरगा आईच्या वतीनं, डबा डोक्यावर.
"ही माझी वही," अपोंदी म्हणाली.
"लिहिता येतं मला. पण लिहिलेलं नाकारतात लोक.
स्वतःचं तोंड कोण नाकारेल?"

मग स्टुलावर बसून
तिनं तीन वर्षांची उधारी एकेक करून पाहिली.
याची फिटली, पूस.
ही नैरोबीला गेली, पूस.
हा काही देत नाही आता; पण कोट बघ याचा,
एवढा चांगला फोटो कुठे असणार त्याच्याकडे,
त्याला पाठव, मग पूस.
ही...
"ही गेली जानेवारीत. दोन डबे."
ओदेराचं बोट काचेच्या वर, तांदळाएवढ्या अंतरावर.
"राहू दे. दोन डब्यांनी फुटत नाही फोन."

रात्रभर ओदेराच्या वायफायवर
फोन तापत राहिला, चुलीजवळच्या मांजरासारखा.
सकाळी अपोंदीनं पाहिलं:
घड्याळ मधोमध आलेलं,
हिरवा रंग थोडा फिका.
"एवढंच?"
"आणि ॲप चालतंय."
"ते आधीही चालत होतं."
यावर ओदेराकडे उत्तर नव्हतं.

त्याला सांगायचं होतं
की आत कुठेतरी एक भोक होतं, ते बुजलं;
की कोणी अनोळखी माणूस
तिच्या पैशांच्या दाराशी येऊन, कडी हलवून
आज परत गेला असेल.
पण न झालेल्या चोरीचा पंचनामा कसा करायचा?
आणि खरं तर त्याचीही खात्री नव्हती.
वर्ष-दोन वर्षांत हाच फोन
पुढच्या अपडेटला पुरा पडणार नाही,
तिला नवा घ्यावा लागेल,
हे मात्र पक्कं ठाऊक होतं.
तेही तो बोलला नाही.

त्यानं मजुरी सांगितली, तीनशे शिलिंग.
"संध्याकाळी देते," अपोंदी म्हणाली.
मग फोन छातीशी धरून टपरीसमोर ताठ उभी राहिली.
"काढ माझा फोटो. रीत ती रीत."

ओदेरानं खिशातून स्वतःचा फोन काढला.
कॅमेऱ्याच्या आधी काचेवर तोच प्रश्न आला.
त्याचा अंगठा न विचारता 'नंतर'वर गेला.

"हसू नकोस," तो म्हणाला.
फोटोत तिचे सगळे दात आलेत.