तीन नंबर

गाडी फाटकात शिरायच्या आधीच मी तिला ऐकली.
लंगडत होती.
चार पायांच्या जनावराचा एक पाय
जमिनीला टेकतच नाही, तशी.
शेजारी लेथ, समोर पॉवर प्रेस, आख्खं उद्यमनगर ठोकतंय,
तरी तेवढी एक रिकामी जागा कानात शिरली.

श्रीपती निगवेकर उतरला, बापट कॅम्पातला.
हौद्यात शाडूची पोती, पापण्यांवरही शाडू.
"उभी असली की थरथरती,
आन् केर्लीच्या चढाला जीवच सोडती.
परवा सायकलवालं पोरगं म्होरं गेलं गा, हसत."
"कधीपासनं?"
"दिवाळीपासनं बघ."
म्हणजे दसऱ्याच्याही आधीपासनं.
आजाराची तारीख कुणी खरी सांगत नाही.

माझ्याआधी दोघांनी हात घातलेला.
एकानं फिल्टर बदललेला,
दुसऱ्यानं रेस वाढवून दिलेली, थरथर झाकण्यापुरती.
मी रेस पहिल्या जागी आणली.
आधी दुखणं उघडं पडू दे.

मग सतराचा पाना.
चालू इंजिनवर पायपांचे नट
एकेक करून सैल करायचे.
पहिला सोडला, इंजिन अडखळलं. आवळला.
दुसरा सोडला, जास्तच अडखळलं.
तिसरा.
काही नाही.
डिझेल बोटांवर उडतंय
आणि आवाजात तसूभर फरक नाही.

दस्तगीरचाचांनी हे शिकवलं तेव्हा मी चौदाचा.
"जो बंद केला तरी कळत नाही, त्योच आजारी.
त्याला शिव्या द्यायच्या न्हाईत,
भायेर काढून बघायचं."
त्या वर्षी मी दोन महिने शाळेत गेलो नव्हतो.
कुणी विचारायला आलं नव्हतं.

नॉझल टेस्टरवर लावलं. फवारा कुठला, नुसती लाळ.
नवं बसवलं, स्टार्टर मारला,
पिकअप उभी राहिली चारही पाय टेकून.
श्रीपती पैसे मोजायला लागला.
"थांब," म्हटलं,
"थरथरणं येगळं, दम लागणं येगळं."

मालासकट केर्लीपर्यंत गेलो.
चढाला तिसऱ्या गिअरात दाबली
आणि ती खरंच दमली, जिना चढणाऱ्या माणसासारखी.
बाजूला घेतली. बॅटरी घेऊन खाली शिरलो.
टाकी आणि फिल्टरच्या मधे
वीतभर पिवळी पडलेली नळी,
आणि तिच्यातनं मुंगीच्या अंड्यांसारखे
बुडबुडे चाललेले, एकामागं एक.

"ही कुणी घातली?"
श्रीपती रस्त्याकडं बघत राहिला.
"शीपीआरच्या आवारात पायपाला चीर गेल्ती, रातचं दोन वाजलं असतील.
अनुसया आत हुती.
वॉर्डबॉयनं सलाईनची नळी दिली.
म्हणला, हिच्यावर माणसं जगत्यात, गाडी का जगायची न्हाई."

नऊ वर्षं.
डिझेल पिऊन पिऊन नळी वाळक्या शेंगेसारखी कडक,
क्लिपापाशी केसाएवढी चीर.
इंजिन तहानलं की तिथनं हवा ओढायचं.
डिझेल बाहेर ठिबकत नव्हतं, फक्त हवा आत जात होती,
म्हणून दोघांच्या हाताला लागली नाही.

रबरी पाईप, दोन नव्या क्लिपा.
हातपंप मारत राहिलो, बुडबुडे संपेस्तोवर.
नळी त्याच्या तळहातावर.
"टाकू?" मी विचारलं.
त्यानं घरी फोन लावला.
मोबाईल कानापासनं लांब धरलेला, मलाही ऐकू आलं:
"टाका की त्ये! आन् येताना ढेपंचा गूळ आणा,
गेल्या खेपंला काळा आणलासा."

टाकली नाही. खिशात घालताना मोडली, काडीसारखी.
दोन्ही तुकडे खिशातच राहिले.

वर पोचेपर्यंत कुणी बोललं नाही.
मी पावलं मोजत होतो.
उताराला लागल्यावर त्यानं विचारलं,
"पायपाचं किती लावलंस?"
साठ म्हणालो.
"पन्नास कर की गा."