उजवा डोळा

केमीत फेब्रुवारी. पारा उणे अठ्ठावीस.
बाहेर समुद्र गोठून सपाट पडलेला,
आत रेडिएटरची ती कोरडी ऊब
जिच्यात लाकडी चमचेसुद्धा उलतात.
ओन्नी दारात. अकरा वर्षांचा.
हातात उशीचा अभ्रा, अभ्र्यात साप.

"अडकलीय," म्हणाला. "आणि आई रात्रपाळीला गेलीय."

नौहा तिचं नाव. तिकडच्या भाषेत फीत.
एरवी विटकरी, नारिंगी, तेल लावल्यासारखी.
आता जागोजागी चुरगळलेला कागद,
शेपटीच्या टोकाला तीन कड्या आवळून बसलेल्या,
आणि दोन्ही डोळ्यांवर साय.

हिल्का चष्मा शोधते.
एकतीस वर्षं तिने भाजलेल्यांच्या वॉर्डात काढली.
पोराच्या मुठीत चिमटा दिसतो.
बोलत काही नाही, नुसता हात पुढे करते.
चिमटा ड्रॉवरमध्ये जातो, किल्ली फिरते.

आमच्या भाषेत किती सहज म्हणतात, कात टाकली:
एखाद्या दुकानाने, एखाद्या गावाने,
निवृत्त होऊन पेटी शिकणाऱ्या मास्तरांनी.
खुंटीला कोट अडकवावा तसं.
ती आधी आंधळं करते हे कुणी सांगत नाही,
आणि हवेत ओल नसेल
तर अर्ध्यावर थांबते,
जुनं सुटत नाही, नवं श्वास घेत नाही.

गुरुवार. तळघरातल्या सौनाचा फेरा आठलाच संपलेला.
भट्टी बंद, फळ्या अजून ओल्या.
दार उघडं टाकून दोघं बाकावर थांबतात
काटा अठ्ठावीसवर उतरेपर्यंत.
अधिक अठ्ठावीस, ओन्नी म्हणतो,
आणि पहिल्यांदा हसतो.

घमेल्यात पाणी. हिल्का कोपर बुडवून बघते,
तान्ह्या बाळासाठी बघतात तसं.
ऑर्किडसाठी उन्हाळ्यात आणलेलं दलदलीतलं शेवाळ
पिळून तळाशी अंथरते.
मग वाट बघणं. पाऊण तास.
नौहाचं नाक तेवढं पाण्यावर.

विसरलेला ब्रश न्यायला रेय्यो येतो,
उंबऱ्यातच थबकतो.
"कुणाचा फेरा?"
"नौहाचा."
तो मान हलवतो, दार हळूच लावून घेतो,
ऊब जाऊ नये म्हणून.

"पट्टी ओढायची नसते," हिल्का सांगते.
"कागद कारखान्यातला एक बॉयलरवाला होता,
रोज म्हणायचा, एकदाच ओढ आणि सुटू दे.
मी भिजवत बसायचे.
पट्टीलाच विचारायचं, झालं का."

"आणि झालं का?"

"कधी कधी मे उजाडायचा."

ओला टॉवेल ओन्नीच्या मुठीत, सैल.
"तू काही करू नकोस. नुसता खडबडीत राहा.
जायचं तिला आहे."
आणि ती जाते.
मुठीतून, बोटांच्या फटीतून, पुन्हा मुठीत,
मागे टॉवेलला चिकटत जाणारा
तिचाच पारदर्शक आकार, खवल्या खवल्यांचा,
कुठे अख्खा, कुठे फाटका.
पोर श्वास घ्यायचं विसरतं.

कड्या शेवटी सुटतात. एक, दोन.
तिसरीला पुन्हा दहा मिनिटं पाणी.
डाव्या डोळ्याची टोपी टॉवेलवर येते,
मसुरीच्या सालाएवढी.
उजवी येत नाही.

"एवढीच राहिली," ओन्नी म्हणतो. "एवढीशी."
हिल्का भिंगातून बघते. खूप वेळ.
"नाही."
"पण..."
"पुढच्या कातीला. तेव्हाही नाही निघाली
तर औलूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊ."
"म्हणजे कधी?"
"सहा आठवडे. आठ."
"तोवर?"

ती घमेलं उपडं करते. पाणी जाळीत गुळगुळतं.
"तोवर उंदीर डावीकडून दाखव."

वर आल्यावर नौहा त्याच्या मनगटाला वेटोळं घालून,
एका डोळ्याने चकचकीत, एकाने धुकट.
ओन्नी बूट चढवतो, अभ्रा घडी करून खिशात कोंबतो.
ड्रॉवरपाशी थोडा घुटमळतो.
चिमटा मागत नाही.