नाळ कोणी कापली

त्रेचाळीस दिवसांचा उपास उद्या सुटायचा.
दूध नाही, लोणी नाही,
जिभेला फक्त मसूर आणि मिरची.
लास्ताच्या डोंगरांवर थंडी कडकडते आहे
आणि सारं गाव पांढऱ्या शाली पांघरून,
बोटाएवढ्या मेणवाती वाऱ्यापासून जपत
कातळात कोरलेल्या देवळाकडे चढतं आहे.

मी उतरते आहे.
पुढे वुबालेमचा नवरा, हातात कंदील.
‘चला’ याखेरीज त्याच्याजवळ शब्द नाही.

मागच्या साली असंच झालं. त्याच्या आदल्या सालीही.
पोरांना सणवार कळत नाहीत.

गोल घर. मधे चूल.
कुडापलीकडे एक गाय, दोन शेळ्या, म्हातारं गाढव.
आमच्याकडे जनावरं घरातच निजतात,
त्यांच्या उबेवर माणसं रात्र काढतात.
म्हणून लहानपणी ती गोष्ट ऐकताना
गव्हाणीचं मला कधी नवल वाटलं नाही.
दूरदेशीचे पाहुणे हळहळतात, देवाला केवढं दैन्य!
अहो, ऊब होती तिथं.

मला निराळंच कोडं पडायचं.
आब्बा येमानेंना एकदा विचारलंही:
नाळ कोणी कापली?
ते म्हणाले, देवदूत होते ना.
मी म्हटलं, त्यांना गाठ मारता येते?
त्यानंतर वर्षभर
आब्बांनी मला क्रूस चुंबायला दिला तो मान वळवून.

वुबालेम आढ्याच्या दोराला लोंबकळते आहे.
तिच्या घामाचा वास, गाईच्या शेणाचा वास,
चुलीत निलगिरीची ओली लाकडं.
वरून ढोल ऐकू येतो, मधेच तुटतो,
वारा फिरला की पुन्हा येतो.

पहाटेच्या थोडं आधी पोर हातात आलं.
निळं. गप्प.

असंच एक माझंही होतं.
याच महिन्यात. तिसरं.
त्याला नाव ठेवायची वेळच आली नाही.
त्या दिवसापासून देवाशी माझं बोलणं
कामापुरतं.

पालथं धरलं. पाठ चोळली.
तोंडातला चिकटा बोटानं काढला,
माझा श्वास दिला, थोडासा,
चिमणीला पुरेल एवढा.
गाय उगाच हंबरली.
आणि मग ते रडलं,
असं रडलं की गाढवानं कान मागे घेतले.

उजाडता मी वर गेले.
हात तीनदा धुतले होते, तरी वास होताच.
बाळंतिणीच्या रक्ताला देवळाची पायरी चढता येत नाही;
मुलगा झाला तर चाळीस दिवस, मुलगी झाली तर ऐंशी.
माझ्यासाठी कुणी दिवस मोजलेले नाहीत,
मीच आपली कुंपणाच्या भिंतीशी थांबते.
खाली खड्ड्यात, दगडाच्या पोटात,
झांजा वाजत होत्या, काठ्या डुलत होत्या,
जन्मला, जन्मला, म्हणत होते सगळे.

मला हसू आलं.
जन्माचं गाणं आत. जन्माचा वास बाहेर.
शेजारच्या यशारेगनं चमकून पाहिलं
आणि मेणवात दुसऱ्या हातात घेतली.

मग हसता हसता काहीतरी घशात अडकलं.
तोही असाच आला असेल.
चिकट. डोकं लांबुळकं.
ज्यानं हे डोंगर रचले म्हणतात, त्याला मान धरता येत नव्हती.
कुणाच्या तरी दोन तळव्यांत
तो नुसता पडला असेल,
निसटेन की काय हेही न कळता.
आणि ज्याच्या आईला चाळीस दिवस दाराबाहेर राहायचं,
तो आत कशाला जाईल तिला सोडून?

माझं ते तिसरं मला आठवलं.
त्याचं वजन. अजून आहे ते माझ्या डाव्या हातात.
उत्तर कशाचंच मिळालं नाही.
पण इतक्या वर्षांनी
कामाशिवाय एक वाक्य निघालं तोंडून,
प्रार्थना नव्हती ती, आम्ही सुइणी म्हणतो तेच:
ये. धरते मी.

वाकड्या काठ्या घेऊन पोरं खेळायला माळावर पळाली.
वुबालेमच्या नवऱ्यानं लोणी पाठवलं होतं,
केळीच्या पानात, अर्धं वितळलेलं.
तिथंच भिंतीशी बसून मी ते बोटानं चाटलं.
हाताला अजून वास होता.
पुसला नाही.