बंद

गॅल्व्हस्टनला वादळानंतरची चौथी रात्र.
एसी बंद, पंखा बंद, फ्रीजमधलं दूध कधीच नासलेलं.
दुकानातला सॅटिनचा गाऊन अंगाला चिकटतो
ओल्या पापडासारखा.

मी कात्री घेतली.
मामंजींचं धोतर, बॅगेच्या तळाशी वीस वर्षं,
इतकं धुतलेलं की टॉर्चचा उजेड आरपार.
दर दिवाळीला त्यांना शिवून द्यायचे
त्या बाराबंदीचा काट हातांना आठवत होता:
काखेत चौकोनी कळी,
पुढ्यावर पुढा तिरका,
बटण एकही नाही.
बारा बंद कोण बांधणार या घामात?
चार पुरेत.

शेजारची अर्नेस्टीन मेणबत्ती घेऊन आली,
कापड दोन बोटांत चोळून पाहिलं.
तिची आत्या पिठाच्या पोत्यांचे झगे शिवायची, म्हणाली,
गिरणीचं नाव कितीही धुतलं तरी
पाठीवर राहायचं.
त्याआधीच्या बायका कापूसच वेचायच्या,
बोंडांनी नखांपाशी रक्त.
एवढं बोलून तिनं सुईत दोरा ओवला,
चष्म्याविना, पहिल्याच फटक्यात.

पहाटे तीनला दोन झगे झाले.
तिचा आखूड पडला, माझी एक बाही लांब.
पायरीवर बसलो, पाय पसरून.
खाडीकडून खारट वारा आला
आणि त्या कळीतून आत शिरून
पाठीवरून निघून गेला,
काहीही न मागता.

सहाला वीज आली.
गल्लीभर एसी घरघरले.
अर्नेस्टीन म्हणाली, वाजू देत.
तिचा एक बंद सुटला होता.
मी बांधला.